खांदा परत परत निखळतो, दोन डॉक्टर दोन वेगळी ऑपरेशनं सांगायलेत

सेलूकर:
लहान भाऊ १९ वर्षांचा, तालुक्याच्या टीमकडून कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी रेड टाकताना डावा हात मागं ओढला गेला अन् खांदा पुढून निखळला. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बसवून दिला पण तवापासून दोन-तीनदा सटकला, परवा तर झोपेत कूस बदलताना. एमआरआयमध्ये बँकार्ट अन् हिल-सॅक्स असं लिहून आलंय. एक डॉक्टर म्हणायलेत दुर्बिणीतून टाके मारू, दुसरे म्हणायलेत हाडाचा तुकडा स्क्रूनं बसवावा लागंल. अन् मामाच्या पोरीचा खांदा पण सटकतो तर तिला नुसता व्यायाम सांगितलाय, ऑपरेशनचं नावच नाही. एकाच दुखण्याला तीन तऱ्हा कशा काय? आई लई घाबरलीय, माहीत असंल त्यांनी सांगा.

फिजिओ ताई, लातूर:
दादा, दुखणं एक नाहीच. खांदा निखळला म्हणलं की डॉक्टर आधी तीन गोष्टी बघतात, पहिल्यांदा मार लागून निखळला का मार न लागताच, कोणत्या दिशेला निखळला, अन् पूर्ण बाहेर आला का अर्धवट सरकून आपोआप आत गेला.

खांद्याची वाटी लई उथळ असते, बशीवर मोसंबी ठेवल्यासारखं समजा, आणि त्या बशीला कुर्चेची कड असते तिला लॅब्रम म्हणतात. तुमच्या भावाची पुढची कड फाटलीय, तेच बँकार्ट (ब्रिटिश सर्जन होते, त्यांनी १९२३ ला यावर लिहिलं). अन् दंडाच्या हाडाचा वरचा गोळा बाहेर पडताना त्याची मागची बाजू वाटीच्या काठावर आदळून खळगा पडतो तो हिल-सॅक्स, १९४० मध्ये दोन रेडिओलॉजिस्टनी सांगितला म्हणून त्यांचं नाव. मार लागून, एकाच दिशेला, बँकार्ट झालेला अन् बहुतेकदा ऑपरेशनला जाणारा, या गटाला टब्स म्हणतात. दुसरा गट अ‍ॅम्ब्री, त्यात मार नसतो, सांधे मुळातच सैल, दोन्ही खांदे, सगळ्या दिशांना सरकणारे, तिथं आधी व्यायामच, तोही चांगला महिनोन्महिने. मामाची मुलगी बहुतेक यात असंल. तिचा अंगठा वाकवून मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का बघा. असं ९ पैकी गुण देऊन सैलपणा मोजतात, त्याला बाइटन स्कोअर म्हणतात.

आता दोन ऑपरेशनांचं. दुर्बिणीतून फाटलेली कड शिवतात. दुसरं लाटार्जे, त्यात खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा वाटीच्या काठाला लावतात. कोणतं करायचं ते ठरवायला २००७ चा एक १० गुणांचा स्कोअर आहे: वय २० किंवा कमी तर २, स्पर्धेत खेळतो तर २, अंगाला अंग भिडणारा खेळ १, सांधे सैल १, हात बाहेर फिरवून काढलेल्या साध्या एक्सरेत खळगा दिसला तर २, वाटीचा काठ झिजलेला दिसला तर २. सहाच्या वर गेलं तर नुसत्या टाक्यांवर खांदा परत निखळण्याची भीती लई वाढते. तुमच्या भावाचे खेळ अन् वयाचेच ५ झाले, एक्सरेत खळगा दिसला की ७. दुसऱ्या डॉक्टरांनी हाडाचं का सांगितलं ते यातून कळतंय. पण त्या आधी सीटी करून घ्या, वाटीचं हाड किती झिजलंय ते सीटीतच नीट मोजता येतं.

मातीतला खेळाडू:
ताईंनी बरोबर सांगितलं. माझी भर एवढीच की आमच्या इकडं पोरं सगळ्यालाच खांदा निखळला म्हणतात. पडून खांद्याच्या टोकावर, गळपट्टीच्या हाडापाशी उंचवटा आला असंल तर तो एसी जॉइंट, म्हणजे गळपट्टीचं हाड अन् खांद्याचं टोक जुळतं तो सांधा, दुखापत वेगळी. त्या दुखापतीचे रॉकवूड नावाच्या सर्जननं सहा प्रकार केलेत, पहिल्या दोनला झोळी अन् आराम, तिसऱ्यावर डॉक्टरांचेच वाद, चार ते सहाला ऑपरेशन. अन् हात जोडतो, निखळलेला खांदा मैदानात कोणाला ओढू देऊ नका. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून बघा, तिथं बधिर वाटलं तर नस दबलेली असू शकते, गाडी काढा अन् दवाखाना गाठा.

जालन्याचा शेतकरी:
सगळे पुढून निखळलेल्याचंच बोलायलेत म्हणून लिहितो. आमच्या चुलत्याला मोटारीचा करंट बसला, हात पोटाशी आवळलेला, बाहेर फिरंनाच. एका दवाखान्यात समोरून एक्सरे काढला, काही नाही म्हणून मलम दिलं. कैक दिवसांनी दुसरीकडं बगलेतून एक्सरे काढला तवा कळलं खांदा मागून निखळलाय. करंट बसला किंवा फिट आली अन् हात बाहेरच्या बाजूला फिरत नसंल तर बगलेचा एक्सरे मागून घ्या, लाजू नका.

सेलूकर:
ताई लई उपकार झाले, उद्याच सीटीचं विचारतो. मामाच्या पोरीचे दोन्ही अंगठे टेकतात. एक राहिलं, ती मनाला येईल तवा स्वतःच खांदा सटकवून दाखवती, मैत्रिणी बघायला जमतात.

फिजिओ ताई, लातूर:
हे डॉक्टरांना नक्की सांगा. इंग्लंडच्या स्टॅनमोरच्या दवाखान्यानं एक त्रिकोण मांडलाय, एका टोकाला मार लागलेला, दुसऱ्याला मार न लागता आतून बिघाड असलेला, तिसऱ्याला स्नायूच चुकीच्या ओढीनं काम करणारा, अन् पेशंट या टोकाकडून त्या टोकाकडं सरकू शकतो. ती तिसऱ्या टोकाजवळची वाटती. अशांना ऑपरेशन केलं तर बहुतेकदा उपयोग होत नाही, स्नायूंनाच नव्यानं वळण लावावं लागतं. तिच्यावर रागवू नका, मुद्दाम नाटक करायलीय असंही म्हणू नका, पण सटकवून दाखवायचं आजपासून बंद, कारण तीच सवय स्नायूंत घट्ट बसत जाती.