क्वीअर रात्रींचा डीजे आणि महोत्सवातला दुपारचा एक तास : सल्ला हवा आहे

उत्तररात्र :

नमस्कार. पुण्यातली नोकरी सांभाळून मी गेली चार वर्षे मुंबईत महिन्यातून एकदा भरणाऱ्या एका छोट्या क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे मंडळींच्या, पार्टीत डीजे म्हणून वाजवतो आहे. जागा म्हणजे अंधेरीतल्या एका बारचा वरचा मजला, माणसे शंभर-सव्वाशे, आणि माझा सेट साडेदहापासून बार बंद होईपर्यंत, म्हणजे दीडपर्यंत, सलग तीन तासांचा. सुरुवातीला संथ डिस्को, मग शिकागोचे जुने हाऊस, म्हणजे सरळ चार ठोक्यांवर चालणारे क्लबातले नृत्यसंगीत, त्यात अधूनमधून मी स्वतः ध्वनिमुद्रित केलेले ढोलकीचे तुकडे, आणि शेवटच्या वीस मिनिटांत नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी, असा माझा साधारण क्रम असतो. ती गाणी लागली की आमच्यातल्या दोघी ड्रॅग कलाकार हमखास टेबलावर चढतात आणि बारचा मालक हमखास कपाळाला हात लावतो.

आता पुण्याजवळ होणाऱ्या एका लाइव्ह संगीत महोत्सवाकडून विचारणा आली आहे. दुपारी साडेतीन ते साडेचार, आधी एक लोकसंगीताचा बँड आणि नंतर एक रॉक बँड, अशा दोघांच्या मध्ये मी. आनंद झाला हे खरे, पण तीन गोष्टी अडतात. तीन तासांत जे उभे राहते ते एका तासात, तेही लख्ख उन्हात, अनोळखी लोकांसमोर कसे उभे करायचे? दुसरी गोष्ट नाजूक आहे. आमच्या पार्टीत दारावरच प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात आणि पोस्टरवर माझे टोपणनाव असते. महोत्सवाच्या करारात मात्र छायाचित्रे आणि चित्रफिती प्रसिद्धीसाठी कुठेही वापरण्याची मुभा त्यांनी मागितली आहे. साताऱ्याला घरी माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. मी 'डीजे आहे' एवढे एकदा बोलून गेलो होतो, तर आमच्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत असल्यामुळे आईने काळजीने विचारले होते, की ट्रॅक्टर कुणाचा असतो. तिसरी गोष्ट अशी, की मानधन नाही. 'प्रसिद्धी मिळेल', दोन पास मिळतील आणि येण्याजाण्याचा खर्च मिळेल, असे ते म्हणतात. जावे का?

जुनी_सुई :

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. मानधनाशिवाय वाजवू नका. ज्या मैदानावर मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे आणि बाउन्सरचे पैसे चुकते होतात, तिथे दुपारच्या डीजेलाच तेवढे प्रसिद्धीवर भागवायला सांगितले जाते, कारण तो नाही म्हणणार नाही याची त्यांना खात्री असते. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो लेखी हवा, त्यातला निम्मा आगाऊ हवा, आणि दहा टक्के टीडीएस कापणार असतील तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यायला विसरू नका. माझे एका महोत्सवाकडचे पैसे सात महिन्यांनी आले, तेही मी दर सोमवारी सकाळी न चुकता फोन करत राहिले म्हणून.

आता सेटविषयी. मी २००५ च्या सुमारास मुंबईत वाजवायला लागले, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम डोक्यावर होते आणि पार्टीचा पत्ता त्याच संध्याकाळी एसएमएसने कळत असे. माझ्या सीडीच्या पाकिटातल्या पहिल्या कप्प्यात वाढदिवसाच्या गाण्याची सीडी कायम असायची आणि काउंटरखाली एक केक ठेवलेला असायचा. खाली पोलीस आल्याची खूण मिळाली की दिवे लावायचे, ते गाणे लावायचे, आणि जो सर्वांत जवळ उभा असेल त्याचा वाढदिवस. तीनदा ही वेळ आली आणि तिन्ही वेळा केक खरोखर कापून खाल्ला गेला. पुढे २ जुलै २००९ ला ते संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा आम्ही सैलावलो, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवल्यावर पुन्हा अंग चोरून घेतले, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेच तो गुन्हा रद्द केला त्या रात्री काय वाजवले ते मला आठवत नाही, कारण माझ्यासकट कुणीच काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. हे सारे सांगण्याचे कारण असे, की त्या वर्षांत मी जे काही शिकले ते एकाच मजल्यावर, त्याच त्या माणसांसमोर पुन्हापुन्हा वाजवून शिकले. कोण आजच घरून भांडून आले आहे, कोण पहिल्यांदाच आले आहे आणि भिंतीला टेकून आहे, हे दिसत असे, आणि त्या भिंतीजवळच्या माणसाला मध्यापर्यंत आणण्यासाठी मी कधीकधी अर्धा तास खर्च करत असे.

या कामाची परंपराच तशी आहे. १९७७ मध्ये शिकागोच्या वेअरहाऊस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स वाजवू लागला आणि त्याच क्लबाच्या नावावरून 'हाऊस' हा शब्द रुळला. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराजमध्ये लॅरी लेव्हान १९८७ पर्यंत, म्हणजे क्लब बंद होईपर्यंत, वाजवत राहिला. दोघेही समलिंगी, दोघेही कृष्णवर्णीय, आणि दोघांचेही नाव झाले ते गावोगाव फिरून नव्हे, तर एका ठिकाणी ठिय्या देऊन. त्यांच्यासमोरचे लोक आठवड्यामागून आठवडे तेच होते, म्हणूनच एखादे गाणे एकाच रात्रीत दोनतीनदा वाजवण्याची मोकळीक त्यांना घेता आली.

महोत्सवात यातले काहीच नसते. समोरून माणसे हातात वडापाव घेऊन जात असतात, दर दहा मिनिटांनी समोरचा जमाव बदलतो, आणि तुमच्याविषयी त्यांना काडीचीही माहिती नसते. म्हणून तीन तासांचा सेट आवळून एका तासात बसवू नका. सगळ्यांत जास्त फसते ते हेच. तुमच्या रात्रीतला कोणताही एक अर्धा तास निवडा आणि तो तासभर पसरा. मी तुमच्या जागी असते तर तो ढोलकीवाला भाग घेतला असता, कारण आधी लोकसंगीताचा बँड आहे, लोकांच्या कानात ते वळण तयार असेल, आणि हाऊसच्या सरळ चार ठोक्यांवर ढोलकीची जलद लग्गी पडली की पाय कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. अंधारात खर्जाच्या जोरावर चालणारे, फारसे न गाणारे तुकडे मात्र घरी ठेवा. उघड्या मैदानात त्यांचा निम्मा दम हवेत विरतो. गाता गळा मात्र लांबवर पोहोचतो.

मैदानी_ध्वनी :

मी अशा महोत्सवांत मंचावरच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, त्यामुळे संगीताविषयी न बोलता बाकीचे सांगतो.

आधी तुम्हाला दुपारी साडेतीन का दिली ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही सण-उत्सवांसाठी, राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे अख्खा कार्यक्रम दहाच्या आत कोंबावा लागतो, संध्याकाळ मोठ्या नावांकडे जाते, आणि जे संगीत मुळात मध्यरात्रीनंतरचे आहे ते उन्हात येऊन पडते.

दुसरे म्हणजे दोन बँडच्या मध्ये असल्यामुळे तुम्हाला साउंडचेक, म्हणजे आधी वाजवून आवाज नीट बसवायला वेळ, मिळणार नाही, केवळ लाइनचेक मिळेल, म्हणजे आवाज येतो की नाही एवढेच पाहता येईल, आणि तुमच्या मागे ड्रमची जुळवाजुळव चालू असेल. मंचाच्या कडेला तुम्हाला स्वतःला ऐकण्यासाठी स्वतंत्र मॉनिटर स्पीकर हवेत, ही मागणी आजच मेलवर करा. ते नसतील तर तुम्ही मुख्य स्पीकरचा परतून आलेला आवाज ऐकत ठोके जुळवायला जाल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीस मीटरवरून परत येणारा ठोका साठ मीटर फिरून येतो आणि जवळजवळ पावणेदोन दशांश सेकंद उशिरा कानावर पडतो. हेडफोनमध्ये जुळलेले वाटेल आणि मैदानात दोन गाण्यांचे ठोके घोड्यांच्या टापांसारखे मागेपुढे पडत असतील. मिक्सरचे दिवे लाल होऊ देऊ नका, कारण पुढे आमचा लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर आवाज रोखणारे यंत्र, बसलेला असतो. तुम्ही जितके वर ढकलाल तितका तो दाबेल आणि आवाज मोठा न होता नुसता चेपटा होईल.

पेनड्राइव्ह दोन आणा आणि दोन्ही फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असू द्या, कारण भाड्याने येणारी डीजेची जुनी यंत्रे एक्सफॅट ही नवी पद्धत वाचत नाहीत, आणि हे डीजेला नेमके मंचावर गेल्यावर कळते.

टेम्सकाठची :

मी मूळची कोल्हापूरची, गेली अकरा वर्षे लंडनमध्ये आहे. जुनी_सुई यांच्याशी बहुतेक बाबतीत सहमत आहे. पण महोत्सव म्हटला की जमाव परकाच असणार, हे मात्र मला पटत नाही. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात २००७ पासून एनवायसी डाउनलो नावाचा एक क्वीअर क्लब उभारला जातो. बाहेरून तो जुन्या न्यूयॉर्कमधल्या पडक्या इमारतीसारखा दिसतो, आणि दारात नकली मिशी विकत घेऊन ती लावून आत जायचे, अशी तिथली गमतीची रीत. एखाद्या डीजेला त्याच्या माणसांपासून तोडून उन्हात उभे करण्याऐवजी त्यांनी रात्रच मैदानात नेली. तुमच्या आयोजकांकडून एवढे होणार नाही हे मला कळते, पण दोन पासांऐवजी बारा पास मागा आणि मानधनाची घासाघीस करायची वेळ आली तर त्याच्याही आधी पासांवर अडून बसा. टेबलावर चढणाऱ्या त्या दोघी पहिल्या रांगेत असल्या, की परके लोक आपोआप त्यांच्याभोवती गोळा होतील.

इथल्या क्लब कालीमध्ये मी हे पाहिले आहे. डीजे रितू आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही दक्षिण आशियाई क्वीअर लोकांची रात्र. भांगडा, हिंदी चित्रपटगीते आणि अरबी पॉप सगळे एका जमिनीवर. डीजे रितू जगभरच्या संगीताच्या कार्यक्रमांतही वाजवतात, पण त्यांच्या वाजवण्याला जो भरवसा आहे तो त्या घरच्या रात्रीतून आला आहे, असे मला नेहमी वाटते.

चेहऱ्याविषयी : तोंडाला रंग लावा. तमाशाच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे मी काय सांगावे! ड्रॅगच्या पूर्ण मेकअपमध्ये सख्खी बहीणही ओळखत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकते.

जुनी_सुई :

पासांबद्दलचे म्हणणे मान्य आहे. हे मला सुचायला हवे होते. रंगाबद्दल मात्र सावध करते. ज्याला रोज रंग लावायची सवय नाही, त्याचा रंग एप्रिलच्या उन्हात अर्ध्या तासात ओघळतो, आणि उरलेला अर्धा तास तो हात गाण्यावर ठेवायचा की गालावर, या विवंचनेत जातो. शिवाय लपण्यासाठी लावलेला रंग आणि मिरवण्यासाठी लावलेला रंग यांत फरक असतो, आणि तो समोरच्याला दिसतो. करारातच दुरुस्ती मागा : नाव फक्त टोपणनाव, छायाचित्रे फक्त मागून किंवा लांबून, आणि प्रसिद्धीआधी तुमची लेखी संमती. मी दोन ठिकाणी हे करून घेतले आहे आणि दोन्हीकडे कुणी खळखळ केली नाही. ज्या ठिकाणी केली, तिथे मी गेले नाही.

उत्तररात्र :

सर्वांचे मनापासून आभार. काल आयोजकांना सविस्तर मेल केला. मानधन नाही म्हणता म्हणता आठ हजारांवर आले, निम्मे आगाऊ देतील. पास बाराऐवजी आठ मिळाले. छायाचित्रांचे कलम बदलले, मात्र 'लांबून' म्हणजे किती लांबून यावर त्यांच्या वकिलाचे उत्तर यायचे आहे. सेट ढोलकीवरच करतो आहे. या रविवारी घराच्या गच्चीवर दुपारी साडेतीनलाच वाजवून पाहिला, तेव्हा लक्षात आले की उन्हात यंत्राचा पडदा मला अजिबात दिसत नाही आणि मी निम्मा वेळ अंदाजाने बटणे दाबत होतो. यावर काही उपाय?

मैदानी_ध्वनी :

टेबलावर छत मागा आणि ते मिळेलच असे धरून चालू नका. घरून काळे सुती कापड आणि चार कपड्यांचे चिमटे आणा; आम्ही टेबलाच्या मागच्या कडेला दोन काठ्या उभ्या करून देऊ, त्यांवर ते टाकले की पडदा वाचता येतो. यंत्रे तुमच्या वेळेपर्यंत झाकून ठेवायला सांगा, कारण तापलेले यंत्र मध्येच थांबू शकते. आणि टेबलाची उंची मेलमध्ये सेंटीमीटरमध्ये लिहा, साधारण शंभर, नाहीतर तिथे जेवणाचे टेबल येते आणि तासभर कमरेत वाकून वाजवावे लागते.