कोविडमध्ये नवरा गेलेल्या ताईंसाठी मदत हवी आहे (50 हजार, बालसंगोपन, उत्पन्नाचा दाखला)

नमस्कार मंडळी, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंसाठी विचारतेय. सरकारी योजनांचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर प्लीज सांगा.

त्यांचे मिस्टर रिक्षा चालवायचे. एप्रिल 2021 मध्ये ताप आला, अँटिजेन केली ती निगेटिव्ह, मग दम लागायला लागला म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला तर स्कोअर 25 पैकी 18, बेड शोधण्यात दोन दिवस गेले आणि अ‍ॅडमिट झाल्यावर पाचव्या दिवशी ते गेलेच. हॉस्पिटलच्या कागदावर कारण नुसतं श्वसनक्रिया बंद पडणे, कोविड हा शब्दच नाही. नंतर 50 हजारांची मदत सुरू झाली तेव्हा फॉर्म भरणाऱ्या दुकानात सांगितलं की आरटीपीसीआर नाही तर काही होत नाही, म्हणून त्यांनी अर्जच केला नाही. इंजेक्शनांसाठी काढलेलं कर्ज फेडायला रिक्षा विकली.

काल त्यांनी साडीच्या दुकानाची पिशवी भरून कागद आणून दिले. मेडिकलच्या बिलांवरची अक्षरं पार उडालीत, एक बिल तर कोरंच, मागे पेनाने "विंजेक्षन" लिहिलंय म्हणून कळलं कशाचं ते. सीटीचा रिपोर्ट मात्र नीट आहे.

मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. संजय गांधी निराधार योजनेसाठी (महिन्याची सरकारी मदत) गेलो तर वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे म्हणे. म्हणजे महिन्याला 1750 रुपये! चार घरची कामं करून ताईंना साडेसहा हजार मिळतात, तेवढ्यावर त्या "निराधार" नाहीत? खोटा दाखला आणला तर पात्र आणि खरं सांगितलं तर अपात्र, हे मला पटतच नाही. आमच्याच बिल्डिंगमधले एक काका त्याच महिन्यात गेले, ते नोकरीत होते, काकूंना फॅमिली पेन्शन आणि विमा विनासायास मिळाला (मिळायलाच हवा होता). आजार तर दोघांनाही तोच झाला होता ना?

आता 50 हजारांसाठी काही करता येईल का? मुलांसाठी कुठे अर्ज करायचा? आणि त्यांना लाडकी बहीणचे 1500 येतात, निराधार मंजूर झालं तर ते बंद होतील का?

---

प्रतिसाद:

ताई, आधी मुलांचं बालसंगोपन योजनेचं बघा. एका मुलामागे महिना 2250 रुपये, 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत, आणि त्याला कोविडचा पुरावा लागत नाही, वडील नाहीत एवढं दाखवायचं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्या, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलांचं बोनाफाईड, आधार, पासबुक घेऊन जा.

50 हजारांचं अवघड आहे पण सोडू नका. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारायची नाही असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्येच सांगितलंय, आणि टेस्ट निगेटिव्ह असली तरी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासण्यांवरून कोविडचं निदान केलं असेल तर ते धरतात. अडचण मुदतीची आहे, जुन्या मृत्यूंसाठी मार्च 2022 पासून 60 दिवसच दिले होते. पण खरंच अडचणीमुळे राहिलं असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं अशी सोय कोर्टाने ठेवली होती. त्यासाठी हॉस्पिटलमधून इनडोअर केस पेपर काढा, उपचाराच्या नोंदी त्यातच असतात. उशीर का झाला ते अर्जात सरळ लिहा, दुकानदाराने काय सांगितलं ते पण.

निराधारचे 1500 सुरू झाले तर लाडकी बहीण मिळत नाही, दोन्हीपैकी एकच.

---

मूळ धागाकर्ती:

खूप खूप आभार. बालसंगोपनचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, चार वर्षं अशीच गेली. गुरुवारी ताईंना सुट्टी आहे, केस पेपर मागायला मी सोबत जातेय. अजून एक, 50 हजारांच्या अर्जाला वारस म्हणून सासूबाईंची सही लागते का? त्या गावी असतात, आणि रिक्षा विकली तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.