अतिवृष्टी अनुदान: यादीत नाव, केवायसी झाली, तरी पैसे नाहीत

शिवार_मराठवाडा:
सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत वडिलांचं १.२० हेक्टर सोयाबीन गेलं. पंचनामा झाला, यादीत व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) आला, सेवा केंद्रात अंगठा देऊन केवायसीही केली. बँकेत आधार दिलेलं आहे. पासबुक भरून आणलं, जमा शून्य. शेजारच्या गटात मात्र दोनदा पैसे आले. तलाठ्याकडे जाऊ की बँकेत?

बांधकरी:
दोन्हीकडे नंतर जा, आधी आधार कुठे जोडलंय ते बघा. हे पैसे खाते नंबरवर नाही, आधार नंबरवर पडतात. एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था) नोंदीत त्या आधारापुढे शेवटी ज्या बँकेचं नाव चढलंय, तिथेच जातात. शाखेत आधारची झेरॉक्स दिली म्हणून ही नोंद होतेच असं नाही, आणि गोची इथेच होते.

मायआधार साइटवर ओटीपीने लॉगिन करा, ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते) उघडा. बँकेचं नाव, तारीख आणि चालू की बंद एवढंच दिसतं, पूर्ण खाते नंबर शोधत बसू नका. पुष्कळदा तिथे पोस्टाच्या बँकेचं नाव निघतं, कारण कधीतरी घरी येऊन अंगठा घेऊन खातं उघडलेलं असतं. तसं असेल तर पैसे त्या खात्यात आलेत का ते आधी तपासा.

बंद दाखवत असेल तर शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म द्या. दुसऱ्या बँकेतून इकडे आणायचं असेल तर त्यात जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. फॉर्मची पोच घ्या आणि चार दिवसांनी स्टेटस स्वतः बघा. शाखेतल्या ‘झालं’वर थांबू नका.

गटनंबर_७२:
केवायसीची पावती काढून गट, क्षेत्र, रक्कम ताडून बघा. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० म्हणजे १.२० ला १०,२०० यायला हवेत. शेजाऱ्यांचे दुसरे पैसे बहुधा रब्बीच्या बियाण्यासाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० असतील. ते तुम्हाला १२,००० बसतात. दोन्ही रकमा वेगवेगळ्या येतात, एक आली म्हणून दुसरी गेली असं समजू नका.

क्षेत्र किंवा आधार नंबर चुकलेला असेल तर केवायसी ‘मान्य’ करण्याआधी तिथेच तक्रार नोंदवायची असते, ती तहसीलदारांकडे जाते. मान्य करून बसला असाल तर ७/१२, ८अ आणि पावती जोडून तहसीलला लेखी अर्ज द्या, आवक नंबर घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

शिवार_मराठवाडा:
७/१२ वर काकांचंही नाव आहे. त्याने अडतं का?

बांधकरी:
हो, सामायिक खात्यात हमखास अडतं. रक्कम एकाच्याच नावे पडते, म्हणून बाकी खातेदारांचं संमतीपत्र तलाठ्याकडे लागतं. सगळ्यांच्या सह्या, आधारच्या प्रती, आणि पैसे कुणाच्या नावे टाकायचे ते स्पष्ट लिहा. खातेदारांपैकी कुणी वारलं असेल तर आधी वारस फेरफार करून घ्या, त्याशिवाय संमतीपत्र पुढे सरकत नाही.

गटनंबर_७२:
एक राहिलं. पैसे जमा होऊनही काढता येत नसतील तर बँकेने पीककर्जापोटी खात्यावर होल्ड लावलाय (पैसे अडवून ठेवलेत) का ते विचारा. या मदतीतून कर्जवसुली करू नये अशा सूचना शासन निर्णयातच असतात. त्याची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना अर्ज द्या, एक प्रत तहसीलला.