पळनीचं डोंगरी केळं आपल्याकडे लावता येईल का?

रावेर_केळीवाला
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात तमिळनाडूत पळनीला मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) दर्शनाला गेलो होतो, तिथून वर कोडईकनालला निघालो तर घाटात एका टपरीवर छोटे छोटे घड टांगलेले दिसले. फळ आपल्या नेहमीच्या जी-नाइन (ग्रँड नैन) जातीच्या केळ्याच्या निम्म्यानं, साल जाड, त्यावर कडा उठलेल्या, दिसायला काहीच नाही, पण तोंडात टाकलं आणि गप्पच झालो. गोड आहे पण मागून हलकी आंबट चव येते आणि वास तर हाताला राहतो. दोन डझन बांधून घेतली, घरी पोचेपर्यंत चौथा दिवस, साल काळपट पडली होती पण आत गर घट्टच, एकही फळ गळालं नाही. टपरीवाला 'मलै वाळैपळम' म्हणत होता, दुसरा एक जण विरुपाक्षी म्हणाला.
आमच्या घरात तीन पिढ्या केळी आहे, मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावरची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दोन्ही करतो. सातपुड्याच्या पायथ्याला चार एकर आहे, पाणीही आहे. तिकडून १०-१२ मुनवे (झाडाच्या बुंध्यातून फुटलेली पिलं) आणून लावले तर येईल का हे केळं? कोणी लावलंय का?

कॉफीमळा_दिंडीगुल
भाऊ, मी मूळचा साताऱ्याचा, गेली १४ वर्षं खालच्या पळनी डोंगरात कॉफीच्या मळ्यावर आहे, त्यामुळे ही केळी रोजच्या बघण्यातली. मलै म्हणजे तमिळमध्ये डोंगर. विरुपाक्षी आणि शेजारच्या सिरुमलै डोंगरातली केळी, दोघांनाही २००८-०९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे.
झाड येईल, तुम्ही खत-पाणी दिलंत तर इथल्यापेक्षा जोमात येईल. पण ती चव येणार नाही. हे केळं साधारण २००० ते ५००० फुटांवर, थंड हवेत, धुक्यात आणि पावसाच्या पाण्यावर सावकाश तयार होतं, खाली सपाटीवर लावलेल्याला तो वास राहत नाही असा इथल्या जुन्या लोकांचा अनुभव आहे. रावेरला मे महिन्यात काय ऊन असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.
आणि इथे केळीची अशी वेगळी बाग नसतेच. वर सिल्व्हर ओक, त्यावर चढवलेली मिरी, खाली कॉफी आणि मधे मधे केळीची बेटं, म्हणजे झाड आणि त्याच्या पिलांचे झुपके. कॉफीला सावली केळीची आणि घरात अधूनमधून पैसाही केळीचाच. अंतर बारा बाय बारा फूट, म्हणजे हेक्टरी साडेसातशेच्या आसपास झाडं, तुमच्याकडे पाच बाय पाचवर ४३०० च्या आसपास बसतात. लागवड एप्रिल-मे मध्ये, पहिल्या वळवावर. घड १०-१२ किलोचा झाला तरी लोक खूश असतात. तुमच्या २५ किलोच्या हिशेबानं बघायला गेलात तर हे पीक परवडणारच नाही, पण एकदा लावलेलं बेट पिलावर पिलं देत वर्षानुवर्षं चालतं.

रावेर_केळीवाला
धन्यवाद दादा, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. चव थोडी कमी आली तरी घरच्यापुरती पाच-दहा झाडं लावून बघायला काय हरकत आहे? मुनवे मिळवून द्याल का?

कॉफीमळा_दिंडीगुल
नाही भाऊ, मुनवे नका नेऊ, आणि मी देणारही नाही, राग मानू नका. इथे एकेकाळी १८ हजार हेक्टरवर हे केळं होतं ते २ हजारांवर आलं, आणि त्यामागे मुख्य कारण पर्णगुच्छ हा केळीचा व्हायरसचा रोग. रोगट मुनव्यातूनच तो एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेला. मुनवा दिसायला ठणठणीत असतो, व्हायरस आत असतो.
माझंच सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्याकडून ३० मुनवे घेतले, चार महिन्यांनी एका झाडाची पानं अरुंद, ताठ, शेंड्याला झुपक्यासारखी यायला लागली. पान उजेडाकडे धरून देठाखालून बघितलं तर शिरांवर गर्द हिरव्या तुटक रेघा, कोणी पेनानं टिंब-रेघ टिंब-रेघ काढावी तशा. घाबरून लगेच विळ्यानं झाड तोडलं आणि तिथेच चुकलो. विळ्यानं हा रोग पसरत नाही, पसरतो तो माव्यानं, आणि तो काळपट मावा खोडाच्या बुंध्याशी आणि पोंग्यात (शेंड्याच्या न उलगडलेल्या पानात) बसलेला असतो. झाड पाडल्यावर तो शेजारच्या बेटावर गेला. आधी फवारून मावा मारायचा आणि मगच कंदासकट, सगळ्या पिलांसकट उपटायचं, हे मला नंतर कळलं. वर्षभरात ४० बेटं काढली. काही माझ्या मुलीच्या जन्माच्या वर्षी लावलेली होती.

पीकसंरक्षण_विद्यार्थिनी
दादांचं अगदी बरोबर आहे. कायद्यानंही तसंच आहे, १९१४ च्या कीड-रोग कायद्याखालच्या देशांतर्गत क्वारंटाइनमध्ये पर्णगुच्छासाठी तमिळनाडूतून केळीची लागवड सामग्री बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. जळगाव पट्ट्यात आधीच हरण्या आणि करपा हे केळीचे रोग आहेत, त्यात हे एक नको. लावायचंच असेल तर व्हायरस तपासलेलं टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोपच घ्या, तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, तिथे लेखी विचारा. आणि तपासलेलं रोप म्हणजे लावताना स्वच्छ, पुढे मावा आला तर तेही आजारी पडतं, तेव्हा लक्ष ठेवावंच लागेल.

अन्नपूर्णा_पुणे
शेतीतलं मला कळत नाही, पण पळनीचं पंचामृत घरी आणलं असेल त्यांनी आठवा, आपल्या दूध-दह्याच्या पंचामृतासारखं ते पातळ नसतं, जॅमसारखं असतं. केळी, गूळ, मध, तूप, वेलची, खजूर, खडीसाखर, पाण्याचा थेंब नाही. हेच डोंगरी केळं त्यात चालतं कारण त्याच्यात पाणी कमी. २०१९ मध्ये त्या पंचामृतालाही जीआय मिळाला. मी साध्या केळ्यांचं करून बघितलं, दुसऱ्या दिवशी फसफसलं.

रावेर_केळीवाला
ताई, म्हणूनच ती चार दिवस टिकली तर! बरं, मुनव्यांचा विषय संपला. माझ्या बांधाला सगळ्या गावाच्या बागा लागून आहेत, एवढी जोखीम मी घेणार नाही. दादा, एप्रिलमध्ये लागवड बघायला आलो तर चालेल का? त्या शिरांवरच्या रेघा मला एकदा प्रत्यक्ष बघायच्यात, आमच्याकडच्या पोरांनाही दाखवता येतील.

कॉफीमळा_दिंडीगुल
या की. पोरांनाही घेऊन या. फक्त परत जाताना इथल्या बागेतले कपडे पिशव्या नीट झटकून न्या, मावा फार बारीक असतो.