मेथॉडिस्ट फूट: ठराव जिंकणारेच चर्च सोडून का गेले?

नोंदवही

अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते: समाजाने रेटा लावला, चर्च वाकलं आणि पवित्र शास्त्र गुंडाळून ठेवलं. घटनाक्रम पाहिला तर हे पटत नाही.

समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे, हे वाक्य १९७२ च्या अटलांटातल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संप्रदायाच्या सर्वोच्च अधिवेशनात, आलं. १९८४ मध्ये अशा व्यक्तींना पाळकीय दीक्षा देण्यावर बंदी आली, १९९६ मध्ये समलैंगिक विवाहविधी करण्यावर. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुईसला खास अधिवेशन झालं. प्रत्येक मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, आपापलं ठरवावं ही वन चर्च योजना पडली आणि बंदी अधिक कडक करणारी ट्रॅडिशनल योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाली. अमेरिकेत समलैंगिक विवाह कायदेशीर होऊन तेव्हा साडेतीन वर्षं उलटली होती. दबावाखाली वाकलेलं चर्च असं मतदान करत नाही.

पुढे २०२३ अखेरपर्यंत साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. अमेरिकेतल्या एकूण मंडळ्यांच्या जवळपास चौथा हिस्सा. त्यात बहुतेक परंपरावादी, म्हणजे मतदान जिंकलेले. मग मे २०२४ मध्ये शार्लट शहरातल्या जनरल कॉन्फरन्समध्ये दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी, वादविवाद न होता उठली. विरोधी मतं आधीच दाराबाहेर गेली होती. समाजाचा रेटा असेलही, पण निकाल गैरहजेरीने लावला.

रोमकर

आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. परंपरावाद्यांनी ठराव जिंकला, अंमल जिंकला नाही.

२०१६ मध्ये पश्चिम विभागाने कॅरन ओलिव्हेटो यांना बिशप निवडलं. त्यांचा समलैंगिक विवाह सर्वांना ठाऊक होता. २०१७ मध्ये चर्चच्याच ज्युडिशियल कौन्सिलने, म्हणजे अंतर्गत न्यायमंडळाने, त्यांचा अभिषेक नियमबाह्य ठरवला. परिणाम? त्या पदावर राहिल्या. या चर्चमध्ये तक्रार बिशपकडे जाते आणि बिशपला सामंजस्याने मिटवण्याचा मार्ग खुला असतो. खटला उभा राहणं हा अपवाद. म्हणून तर २०१९ च्या योजनेत किमान शिक्षा घातली: पहिल्या विवाहविधीला एक वर्ष बिनपगारी निलंबन, दुसऱ्याला पाळकपद रद्द. तेही कागदावरच राहिलं. जानेवारी २०२० मध्ये विभाजनाचा करार जाहीर झाला आणि अनेक बिशपांनी तक्रारी स्थगित ठेवल्या. कोविडमुळे अधिवेशन पुढे ढकलत ढकलत थेट २०२४ ला गेलं.

जो नियम मोडला तरी काही होत नाही, तो बहुमताने कितीदाही मंजूर करा. बाहेर पडणाऱ्यांनी समाजाच्या दबावाची तक्रार फारशी केली नाही. आपल्याच बिशपांनी घेतलेली शपथ पाळली नाही, ही त्यांची तक्रार होती.

यार्देनपार

रोमकर, शिस्तीचा मुद्दा मान्य. पण ‘पवित्र शास्त्राचा अधिकार’ हे शब्द इतक्या सहज वापरता येणार नाहीत. मार्क १०:११-१२ मध्ये सोडचिठ्ठीनंतरच्या विवाहाला येशू व्यभिचार म्हणतो, आणि तोही स्पष्ट शब्दांत. मेथॉडिस्ट चर्च अशा जोडप्यांची लग्नं कित्येक दशकं लावत आहे. त्यावरून एकही मंडळी बाहेर पडली नाही. स्त्रियांना पूर्ण पाळकीय अधिकार १९५६ मध्ये मिळाले, १ तीमथ्य २:१२ तिथेच असताना. १८४४ मध्ये बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या गुलामांवरून हेच चर्च दुभंगलं, तेव्हा दक्षिणेच्या बाजूलाही वचनांची वाण नव्हती.

मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या परंपरेत शास्त्र, परंपरा, विवेकबुद्धी आणि अनुभव असे चार आधार मानतात. त्यात शास्त्र पहिलं, एकटं नव्हे.

रोमकर

१९८८ च्या दुरुस्तीने शास्त्राचं अग्रस्थान नियमपुस्तकातच पक्कं केलं आहे, तेव्हा चार सारखे पाय असलेलं टेबल असं कुणी समजू नये.

आणि तुमची तिन्ही उदाहरणं एका पारड्यात बसत नाहीत. स्त्रियांबाबत शास्त्रातच दुसरी बाजू आहे: दबोरा, प्रिस्किल्ला, फिबी या पुढाकार घेणाऱ्या स्त्रिया. गुलामीबाबत गुलामाला भाऊ मानायला सांगणारं फिलेमोनाला पत्र आहे, गुलामीतून सुटकेची कथा सांगणारं निर्गम आहे. समलैंगिक संबंधांबाबत लेवीय १८:२२ पासून रोमकरांस १:२६-२७ पर्यंत एकही वचन दुसऱ्या बाजूला जात नाही. मत्तय १९:४-६ मध्ये येशू विवाहाचा पाया थेट उत्पत्तीपर्यंत नेतो. सोडचिठ्ठीच्या बाबतीत चर्च ढिलं पडलं, हे खरं. एका ढिलाईवरून दुसरीचं समर्थन होत नाही.

यार्देनपार

जुन्या करारातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (२३:१) षंढांना परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. यशया ५६ त्यांना मंदिरात जागा आणि नाव देतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप एका षंढाला बाप्तिस्मा देतो. शास्त्रच शास्त्राची वेस ओलांडतं, आणि अध्याय १५ मध्ये सुंतेचा नियमही शिथिल होतो, तोसुद्धा विदेशी लोकांवर पवित्र आत्मा उतरल्याचा अनुभव पाहून.

रोमकर

त्याच अध्यायाचं विसावं वचनही वाचा. सुंता सुटली, जारकर्मापासून, म्हणजे अनैतिक शरीरसंबंधांपासून, दूर राहण्याची आज्ञा राहिली.

ताळेबंद

दोघांची वचनं चालू द्या. मंडळ्या प्रत्यक्षात कशा बाहेर पडल्या ते सांगतो, कारण ‘श्रद्धेने गेले’ आणि ‘रागाने गेले’ या दोन्ही वर्णनांत हिशेब दिसत नाही.

या चर्चमध्ये इमारत मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. त्यामुळे नुसतं उठून गेलं तर छप्पर मागे राहतं. २०१९ मध्ये नियमपुस्तकात परिच्छेद २५५३ आला आणि इमारतीसह बाहेर पडण्याची खिडकी ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत उघडली. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटने (बिशपच्या हाताखालच्या स्थानिक अधिकाऱ्याने) सभा बोलवायला सांगितल्यापासून १२० दिवसांत ती व्हायची. हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. ‘हजर’ हा शब्द कळीचा: ६०० सदस्यांच्या मंडळीत १५० जण आले तर १०० मतांवर पिढ्यान्‌पिढ्यांचं चर्च संप्रदायाबाहेर. उलट ९९ मतं पडली तर ५१ जणांनी ९९ जणांना थांबवलं. दोन्ही प्रकारांत दुसऱ्या रविवारी बाकं अर्धी रिकामी.

मग पैसे. वरिष्ठ चर्चला द्यायच्या वर्गणीची मागील १२ महिन्यांची थकबाकी, पुढच्या १२ महिन्यांची आगाऊ रक्कम आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनातल्या तुटीचा वाटा. ही तूट बाजारातल्या व्याजदराने मोजली जायची. २०२२ मध्ये व्याजदर चढले तसा हा वाटा उतरला, आणि वर्षभर आकडे बघून थबकलेल्या मंडळ्यांना अचानक परवडू लागलं. काही कॉन्फरन्सनी (मंडळ्यांच्या प्रादेशिक संघटनांनी) वरून मालमत्तेच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मागणी केली. तिथून फार कमी मंडळ्या निघाल्या. श्रद्धा तिथेही तीच असणार.

शेवटी अ‍ॅन्युअल कॉन्फरन्सची, म्हणजे त्या प्रादेशिक संघटनेच्या वार्षिक सभेची, साध्या बहुमताने मंजुरी. ही औपचारिकता समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्कान्सासच्या कॉन्फरन्सने ३५ मंडळ्यांना जाऊ दिलं आणि तीन मंडळ्यांना अडवलं.

विसरला जाणारा भाग: मंडळी गेली म्हणून तिचा पाळक आपोआप जात नाही. त्याने स्वतंत्रपणे पद सोडायचं किंवा दुसरी नेमणूक घ्यायची. क्रूस आणि ज्वाळेचं चिन्ह फलकावरून, लेटरहेडवरून उतरवायचं. संप्रदायाच्या नावाखालची सामूहिक करसवलत संपते, म्हणून नवी नोंदणी आधी तयार हवी. नाहीतर पहिल्याच देणगीच्या पावतीला घोटाळा.

सवाना

आफ्रिकेचा उल्लेखच नाही? २०१९ चा ठराव आफ्रिकी प्रतिनिधींच्या मतांशिवाय मंजूर झाला नसता. शार्लटला त्यातले कित्येक जण व्हिसा आणि निमंत्रणपत्रांच्या दिरंगाईमुळे पोहोचलेच नाहीत. नोंदवही म्हणतात त्या गैरहजेरीत हीही धरा.

तिथे हजर असलेल्यांची भूमिका मात्र एकसुरी नव्हती. विवाहाची व्याख्या ‘दोन श्रद्धावंत व्यक्ती’ अशी होत असताना ‘प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्री, किंवा दोन प्रौढ व्यक्ती’ ही दुरुस्ती झिंबाब्वेच्या मॉली म्वायेरा यांनी आणली आणि ती मंजूर झाली. शार्लटहून परतल्यावर काही आठवड्यांतच, २८ मे २०२४ ला, आयव्हरी कोस्टच्या कॉन्फरन्सने संप्रदाय सोडायचं ठरवलं. दहा लाखांवर सदस्यांची कॉन्फरन्स.

आणि ‘समाजाचा दबाव’ फक्त पुरोगामी बाजूने येतो हे कुणी ठरवलं? जिथे समलैंगिक संबंध फौजदारी गुन्हा आहे, तिथल्या बिशपला अमेरिकेतला ठराव आपल्या माणसांना समजावून सांगायचा असतो. तो दबाव अमेरिकी पाळकापेक्षा कमी नाही.

नोंदवही

सवाना, मान्य. माझा पहिला परिच्छेद अमेरिकेपुरता वाचावा. रोमकर यांचा अंमलबजावणीचा मुद्दाही टिकतो, पण त्याने माझंच म्हणणं पुढे जातं. भांडण समाज विरुद्ध चर्च असं नव्हतं. चर्चमधला अधिकार कुणाचा, अधिवेशनाचा की बिशपांचा, हे होतं.

रोमकर

किंवा शास्त्राचा. ते तिसरं नाव तुम्ही सतत गाळता.

पुलाखाली

मुंबई-पुण्याच्या मेथॉडिस्ट मंडळ्यांवर याचा परिणाम काय? तिथे निरोप फिरत आहेत की ‘आपल्या चर्चने मान्यता दिली’.

ताळेबंद

निरोप चुकीचा आहे. मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे. युनायटेड मेथॉडिस्टशी नातं आहे, पण शार्लटचा ठराव इथे लागू होत नाही. इथलं नियमपुस्तक वेगळं, ते बदलायचं तर इथल्याच जनरल कॉन्फरन्सने.

आणि २५५३ सारखी वाट इथे नाही. महाराष्ट्रात चर्चची मालमत्ता सहसा सार्वजनिक न्यासाकडे असते. विश्वस्त बदलले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज, इमारत विकायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी. रविवारच्या सभेत दोन तृतीयांश हात वर झाले म्हणून आयुक्त इमारत तुमच्या नावावर करत नाहीत. निरोप पाठवणाऱ्याला एवढंच विचारा की ठराव कोणत्या कॉन्फरन्सचा आणि कोणत्या तारखेचा.