एनबीए २के: डिफेन्स जमत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. मैदानावर चिखल झाल्यापासून मामेभाऊ आणि मी रोज संध्याकाळी पीएस ५ वर एनबीए २के हा बास्केटबॉलचा गेम खेळतो. मी मूळचा फुटबॉलवाला, गावच्या टीममध्ये बरीच वर्षं बॅकला खेळलो. बास्केटबॉल कळायला लागलं ते या गेममुळेच, आणि आता त्याचं वेडच लागलंय. बॉल माझ्याकडे असला की जमतं. बॉल त्याच्याकडे गेला की माझं काही चालत नाही. काल ३१ पॉइंटांनी हरलो.

होतं काय ते सांगतो. मामेभाऊ गोल्डन स्टेट ही टीम घेतो. त्यांचा स्टार शूटर स्टीफन करी बॉल घेऊन थ्रीच्या रेषेबाहेर, जिथून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात. मी आर२ (पळायचं बटण) दाबून धरूनच त्याच्यावर धावतो. तो डावीकडे नुसता झुकतो, माझा खेळाडू दोन पावलं तिकडे वाहवत जातो आणि बॉल अगदी हाताशी दिसतो. अंगठा आपोआप बॉल हिसकावायच्या चौकोन बटणावर, तोही चार-चार वेळा. मग एकतर शिट्टी, नाहीतर करी बाजूने पसार. क्वार्टरमध्ये पाचवा टीम फाउल झाला की तिथून पुढे त्याला फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे शॉट. मागे सरकून उभा राहिलो तर तो तिथूनच थ्री टाकतो.

दुसरी अडचण स्क्रीनची, म्हणजे त्यांच्या खेळाडूने वाट अडवण्याची. त्यांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) येऊन वाटेत उभा राहतो, माझा खेळाडू त्याच्यावर आदळून अडकतो आणि करी मोकळा. सवय कुठून मोडू? सविस्तर सांगितलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद:
तुम्ही बॅकला खेळलात ना? विंगर बॉल दाखवतो म्हणून लगेच पाय घालायचात का? त्याला बाहेरच्या बाजूला रेटत न्यायचात. इथेही तेच. आर२ सोडा, फक्त एल२ धरा. खेळाडू खाली वाकून आडवा सरकतो. तुमची जागा बॉल आणि बास्केट यांच्यामध्ये. शूट करायला उठला की उडी न मारता उजवी स्टिक वर धरा, हात वर राहतात. करीसारख्याला हातभर अंतर, पण ज्याचा बाहेरचा शॉट कच्चा त्याला खुशाल दोन पावलं सोडा.

आणि एक आठवडा चौकोन अजिबात दाबायचा नाही. फार जड जातं, मला माहीत आहे. तेवढे दिवस एक्स बटणाने तुमच्या सेंटरवर जा, करीला अडवायचं काम कम्प्युटरवर सोडा आणि रिंगखाली उभं राहून खेळ कसा उलगडतो ते बघा. स्क्रीन येताना तिथून आधीच दिसते.

धागाकर्ता:
मनापासून आभार! तीन संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे खेळलो. काल ९ पॉइंटांनी हरलो, आणि अख्ख्या मॅचमध्ये माझे फाउल फक्त चार. एकदा करी माझ्यासमोर तीनदा झुकला, मी एल२ धरून नुसता सरकत राहिलो आणि शॉट टाकायची त्याची २४ सेकंदं संपली. मामेभाऊ रिमोट ठेवून माझ्याकडे बघतच राहिला.

सेंटरवरून स्क्रीन येताना दिसते हे खरं. पण दिसल्यावर मी पुढे येऊन करीला अडवलं, की त्यांचा सेंटर रिंगकडे पळतो आणि त्याला वरून पास मिळतो. मागे थांबलो तर करीचा थ्री. अशा वेळी तुम्ही कोणाला सोडता?