लातूरहून हर्णै-आंजर्ले एका दिवसात: जावं का?

गंजगोलाईकर: कोजागिरीला मिनीबस ठरायलीय. रात्रीतून दापोली गाठायची, सकाळी मुरूडपासून किनाऱ्यानं चालत पाळंदे, हर्णै, मग खाडी ओलांडून आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. रात्री परत. अर्धा ग्रुप म्हणायलाय, एवढ्या लांब कशाला? माझं मत, जावंच. २०१६ला जिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरांनी एकदा तरी समुद्राच्या कडेनं चालावं.

बोरीकाठचा: मला नाही पटत. जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर, दोन रात्री बसमध्ये अवघडून. पाणी अन् इतिहास दोन्ही पाहिजे तर नळदुर्गला या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केलाय. पाऊस बरा झाला की नर-मादी धबधबे कोसळतात अन् आपण आत कोरडे उभे!

गंजगोलाईकर: नळदुर्ग शाळेच्या सहलीपासून बघायलोय, भाऊ. हर्णैसमोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याची गोष्ट निराळी. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं १७५५ला इंग्रजांच्या जेम्सनं तुळाजीकडून घेतलं, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच खिळखिळं केलं! ती जागा काठावरून तरी बघू द्या पोरांना.

मूळची_दापोलीची (सध्या नांदेड): अंतरावरून भांडताय, तिथी कुणी बघितली का? आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. तुम्ही ऐन वाटेत असाल आणि पाणी खडकांना भिडलेलं. मग काय, वर चढून डांबरी रस्ता तुडवा! त्यापेक्षा वद्य अष्टमी धरा. भरती पहाटे सहाला, ओहोटी दुपारी बाराला. चपला घालून येऊ नका, खडकावरची कालवं पाय कापतात.

रिकामा_वेळ: अन् दोन्ही रात्री बस हाकणारा ड्रायव्हर झोपणार कधी?

गंजगोलाईकर: दोन ड्रायव्हर घेऊ. तिथीचं ध्यानातच नव्हतं, ताई. अष्टमी पक्की. बोरीकाठचे, तुमची सीट धरू का?

बोरीकाठचा: नका धरू. कोजागिरीनंतरची अष्टमी म्हणजे सोयाबीनची रास अन् ज्वारीची पेरणी एकदमच. तुमच्या ग्रुपात रान असलेले किती जण आहेत, ते आधी विचारा.